धुणं धुणारी बाई

ऑक्टोबर सरत आला की इथे बहरीनच्या सुपरमार्केटात शिरल्या शिरल्या भोपळ्यांचा ढीग दिसतो. नारिंगी, गोल, आपल्या भोपळ्यापेक्षा देखणे आणि चवीला अगदीच पाणचट. बाहेर अजून घामाच्या धारा, घरात एसीची घरघर, आणि इथे छताला काळ्या पुठ्ठ्याची वटवाघळं टांगलेली. दरवर्षी मी त्या ढिगाला वळसा घालून सरळ भाजीकडे जाते. यंदा जाता आलं नाही, कारण सोबत मैत्री होती. मैत्री म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं दहा. तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

तिला मैत्रिणीकडे हॅलोवीनच्या पार्टीला जायचं होतं. भोपळा ट्रॉलीत ठेवता ठेवता तिने विचारलं, "मम्मा, व्हॉट वॉज द स्केरिएस्ट थिंग यू एव्हर सॉ?"

"टीव्हीवरचा एक एपिसोड," मी म्हटलं. "स्कॉटलंडमधली गोष्ट होती. एक बाई नदीवर धुणं धूत बसलेली असते."

"अँड देन?"

"पुढचं माहीत नाही. अर्धाच पाहिला होता."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी परीक्षेचा पेपर अर्धा सोडून उठून आले होते. तीस वर्षांत शेवट शोधावासा वाटला नाही? नाही वाटला. आणि का नाही वाटला, हे तिला भाजीच्या रांगेत उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

तिला जे सांगितलं नाही, ते मी बाबांनाही कधी सांगितलेलं नाही. बाबा सध्या आमच्याकडे आहेत. गुडघ्यांचं निमित्त काढून मी त्यांना नागपूरहून तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलंय. नवरा नोकरीसाठी आठवडाभर समुद्रावरच्या पुलापलीकडे दम्मामला असतो, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. मागच्या खेपेपेक्षा या खेपेला त्यांच्या गोळ्यांच्या डबीत दोन रंग वाढलेत, आणि जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबून भिंतीचा रंग बघितल्यासारखं करतात. यंदा सांगितलं नाही तर राहूनच जाईल, हे मला त्या भोपळ्यांसमोर उभं असताना कळलं. कळून काय उपयोग, तोंड उघडायला वेगळी हिंमत लागते आणि ती माझ्यात नाही.

मैत्रीच्या पार्टीचा काळा झगा झिंज भागातल्या एका टेलरकडे शिवायला टाकला होता. मी काम करते अदलियाला, एका छोट्या ऑफिसात बिल्डिंगचे नकाशे काढते. तिथून झिंज फार लांब नाही. तरी त्या गल्लीत शिरायचं मी टाळत आले होते. त्या दिवशी टेलरच्या दुकानासमोर पार्किंग मिळालं नाही, गाडी पुढे पुढे नेत गेले आणि जिथे जागा मिळाली, ती नेमकी आमच्या जुन्या बिल्डिंगसमोर.

बिल्डिंग पाडलेली नव्हती, पडलीही नव्हती. नवा रंग लावून, प्रत्येक खिडकीखाली एसीचं खोकं चिकटवून ती निर्लज्जासारखी उभी होती. दुसऱ्या मजल्यावर डावीकडे कुणीतरी लहान मुलाचे मोजे वाळत घातले होते. तो आमचा फ्लॅट. त्याचा नकाशा मी आजही डोळे मिटून काढून देईन. दार उघडलं की हॉल, उजवीकडे एकच बेडरूम, समोर स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून मोरी. मोरीचं दार आत उघडायचं. इथल्या दमट हवेने ते फुगलं होतं, कितीही ओढलं तरी चार बोटं उघडंच राहायचं.

त्या चार बोटांच्या फटीतून मी जे पाहिलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

बाबा अस्करजवळच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन होते. निळा कव्हरऑल, लोखंडी टोपणाचे बूट आणि कंपनीची बस. ते घरात आले की आधी त्यांचा वास यायचा. तापलेल्या धातूचा, घामाचा आणि जळून गार झालेल्या कशाचा तरी. मला तो वास फार आवडायचा. आईला नाही. ती म्हणायची, "दारातच उतरवा ते, घरभर भट्टी नका आणू." कव्हरऑल दोन होते, एक अंगावर आणि एक धुण्यात. ते मशीनमध्ये टाकले की बाकीच्या कपड्यांना राखाडी रेघा पडत, म्हणून आई ते मोरीत वेगळे धुवायची. हिरव्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, समोर मोठा टप घेऊन, गाऊनचा घोळ गुडघ्यात खोचून. धुताना गुणगुणायची. लहानपणी ती शेजारच्या मुलींबरोबर घरोघर भुलाबाईची गाणी म्हणायला जायची, त्यातलंच काही असायचं. बाबा घरात असले की ती गुणगुणायची नाही. त्यांनी कधी मनाई केली होती असं नाही, पण आमचं घर तसं होतं. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या तरी घरी वंदना, आणि नवस, उपास, भूतखेत यांना दारातूनच रामराम. "आपल्यात असलं काही नसते," हे बाबांचं ठरलेलं वाक्य होतं. मी पालीला घाबरले तरी तेच आणि अंधाराला घाबरले तरी तेच. त्यामुळे घाबरायचं असलं तर मला ते गुपचूप करावं लागे.

त्या दिवसांचे वास मला तारखांपेक्षा नीट आठवतात. सकाळी कोपऱ्यावरच्या इराणी भट्टीतून खुबूजचा वास यायचा. कागदात गुंडाळलेली ती गरम रोटी घरी आणेपर्यंत मी तिची कड खाऊन टाकायची. शुक्रवारी दुपारी खालच्या अरबी शेजाऱ्यांच्या घरातून धुपाचा, आमच्या घरातून वडाभाताच्या फोडणीचा, आणि जिन्यात दोघांची गाठ पडायची. शुक्रवारी सकाळी खोबरेल तेल. आई मला दोन पायांच्या मध्ये बसवून डोक्याला तेल चोळायची, इतकं की मान डुगडुगायची. "हलू नको वं," म्हणायची, आणि हलवायची तीच.

रमजानचा महिना अर्धा झाला की संध्याकाळी गल्लीतली पोरं जरीचे कपडे घालून, गळ्यात पिशव्या अडकवून गाणी म्हणत दारोदार यायची. इथे त्याला गरगाऊन म्हणतात. दार उघडून त्यांच्या पिशव्यांत दाणे, बदाम, गोळ्या टाकायच्या. आई त्यात आपली शेंगदाण्याची चिक्कीही घालायची. एकदा मीही फ्रॉकवर तिची ओढणी गुंडाळून त्या पोरांत घुसले होते. घरी आले तेव्हा पिशवी भरलेली आणि ओढणी हरवलेली. आई रागावली नाही. तिने पिशवी जमिनीवर उपडी केली आणि आम्ही दोघींनी पिस्ते आधी वेगळे काढले.

म्हणून त्या एपिसोडची सुरुवात मला मुळीच भीतीची वाटली नाही.

ती मालिका इंग्रजी चॅनेलवर आठवड्यातून एकदा, संध्याकाळी सहाला लागायची. दर वेळी नवी गोष्ट, तासाभराची. त्या आठवड्यात हॅलोवीन होता. पडद्यावर धुक्यातलं गाव, दगडी घरं, आणि तोंडाला काजळी फासून, मोठ्यांचे कोट घालून दारोदार हिंडणारी पोरं. प्रत्येक दारात गाणं म्हणायचं, मग सफरचंदं आणि अक्रोड मिळायचे. मला वाटलं, अरे, हा तर यांचा गरगाऊन! फक्त हातात कंदील होते आणि ते शलगम कोरून केलेले. भोपळे नव्हते. शलगमला डोळे, नाक, दात, आणि आत मेणबत्ती. खालच्या घरातून आम्हाला शलगमचं गुलाबी लोणचं यायचं. त्याला असं तोंडही फुटू शकतं, हे मला पहिल्यांदाच कळलं.

मग त्या पोरांतली एक मुलगी मागे पडते. माझ्याच वयाची, अकराच्या आसपास. गावाबाहेर नदीचं पाणी उथळ होतं, तिथे तिला दगडावर ओणवी बसलेली एक बाई दिसते. पाठमोरी. ती कपडे धूत असते. थाप, थाप, असा आवाज, बाकी सगळं शांत. मुलगी धावत घरी येते. शेकोटीपाशी बसलेला म्हातारा तिला सांगतो, की ती बाई साधी नव्हे. ज्या घरात कुणी मरणार असेल, त्या माणसाचा सदरा ती आधी धुऊन ठेवते. पाणी लाल होतं. माझं इंग्रजी तेव्हा बेताचंच होतं, पण हे मला शब्दन् शब्द कळलं. म्हाताऱ्याने पुढे बोलायला तोंड उघडलं, "पण जर तू..." आणि चित्र गेलं.

इशाच्या नमाजाची अजान सुरू झाली होती. तेव्हा कार्यक्रम मध्येच थांबवून अजान लावायचे. पडद्यावर मशिदीचा फोटो, आणि तोच आवाज टीव्हीतून आणि खिडकीतून, दोन्हीकडून थोडा मागेपुढे. मला पाणी प्यायचं होतं. मी स्वयंपाकघरात गेले.

मोरीच्या दाराची फट होती तेवढीच होती. आत आई पाठमोरी बसली होती. स्टुलावर, ओणवी. ती गुणगुणत नव्हती. काहीतरी चोळत होती, पिळत होती, पुन्हा बुडवत होती, आणि टपातलं पाणी लाल होतं. ते कलंडून जाळीकडे जात होतं तेही लाल. नळाला बाबांचा कव्हरऑल टांगलेला होता, त्याची निळी बाही तिच्या खांद्याला लागत होती.

मी हाक मारली नाही. दार ढकललं नाही. पाणीही न पिता परत आले आणि सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसले. अजान संपली, एपिसोड पुन्हा सुरू झाला, पण मी नुसती पडद्याकडे बघत होते. तेवढ्यात बाबा आले. बूट काढता काढता त्यांनी टीव्हीवरचा काजळी फासलेला चेहरा पाहिला आणि बटण बंद केलं.

"काय पाहून राह्यली हे? आपल्यात असलं काही नसते."

मी मान हलवली. ते माझ्यासमोर जिवंत उभे होते, आणि माझं सगळं लक्ष त्यांच्या निळ्या बाहीकडे होतं.

आज मला सोफ्यावरच्या त्या पोरीला, तेव्हाच्या मला, गदागदा हलवावंसं वाटतं. पण अकराव्या वर्षी माझा हिशोब सरळ होता. कपडे बाबांचे, पाणी लाल, म्हणजे बाबा मरणार. धुणारी होती आई, म्हणजे हे तिला माहीत होतं. आणि घरात तर असलं काही नसतंच, म्हणजे बोलायची सोय नाही. तेव्हा बाबांना वाचवायचं ते मी एकटीने.

मी राखण सुरू केली. बाबा निघाले की त्यांच्या बुटांना हात लावायचा. बस यायच्या वेळी खाली कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, पायरीवर जाऊन उभं राहायचं. बसमधून सात माणसं उतरायची आणि बाबा बहुतेक पाचवे असायचे. चौथा उतरला की मी बसच्या दाराशी पळायची. बाबांना माझं प्रेम उतू चाललंय असं वाटायचं. वंदनेला जमलेल्या लोकांना ते कौतुकाने सांगायचे, "माही पोरगी रोज मले घ्याले येते." एकदा मी धुण्यातला कव्हरऑल पलंगाखाली गाद्यांच्या मागे कोंबला. दोन दिवसांनी वासावरून आईला तो सापडला. तिने मला काही विचारलं नाही आणि बाबांनाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गच्चीवर वाळत होता, उत्तरेच्या वाऱ्याने बाह्या फडफडत होत्या, आणि मी दाराशी उभी राहून रडत होते.

हे सगळं मी बाबांसाठी केलं. आईशी कशी वागले, ते सांगायचं राहिलं.

मी आईला घाबरले. तिच्या हातांना घाबरले. ते हात सदोदित पाण्यात असायचे, बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. ती ताटात पोळी वाढायला आली की मी अंग चोरायची. शुक्रवारी तेलाची वाटी घेऊन बसली की अभ्यासाचं सोंग आणायची. मी माझ्या वेण्या मीच घालायला लागले, वाकड्या भांगाच्या. पहिल्यांदा ती हसली, "मोठी झाली बापा आमची!" मग दोन-तीन शुक्रवार गेले. वाटीतलं तेल थंडीने गोठलं होतं. ती ते तळव्यावर चोळून पातळ करत बसली होती, आणि मी दप्तर आवरत होते.

"काहून वं," ती म्हणाली, "माह्या हाताले काटे आले काय?"

मी म्हटलं, "उद्या पेपर आहे."

पेपर नव्हता. तिलाही माहीत होतं. तिने ते तेल आपल्याच केसांना लावलं आणि हात गाऊनला पुसले.

ती हळूहळू फिकी होत गेली. पोळ्या उभ्याने लाटायची, त्या स्टुलावर बसून लाटायला लागली. दळणाचा डबा उचलताना ओट्याला धरून उभी राहायची. मोरीतलं धुणं वाढलं होतं, फिनेलचा वास वाढला होता. मी हे सगळं पाहिलं. पण माझं पाहणं होतं चोराकडे पाहण्यासारखं. तिला काय होतंय, हे मनात आलं नाही. ती काय करतेय, एवढंच मी बघत राहिले. फेब्रुवारीत अर्धा रमजान आला. पोरं गात जिना चढली, तेव्हा आई दारात खुर्ची टाकून बसली होती. दाण्याबदामांनी भरलेलं सूप मांडीवर होतं. प्रत्येक पिशवीत मूठ टाकल्यावर ती जरा थांबायची. एका चिमुरडीने तिच्या गालाची पापी घेतली. आईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मी येतेय का बघायला. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभी होते.

मार्चमध्ये ती दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. बारा दिवस.

माझ्याशी कुणी काही बोललं नाही. मोठी माणसं फोनवर बोलत ते मी ऐकलं. गर्भपिशवी, रक्त, आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा, नागपूरच्या मावशीच्या तोंडी, इथल्या शेजारणींच्या तोंडी: "सहा महिने आधी आली असती तर." मी बोटांवर मोजलं. मार्च, फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर. तिथे माझं बोट थांबलं.

ते कपडे बाबांचे नव्हते. ती स्वतःचेच धूत होती.

तिला विमानाने नागपूरला नेलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिशरण पंचशील म्हणणारे भंतेजी, मावशीच्या घरातला उकडलेल्या तुरीच्या दाण्यांचा वास. मी शेवटपर्यंत तिच्या हातांकडे पाहिलं नाही. पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर बाबा परत बहरीनला गेले आणि मी मावशीकडे राहिले. शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न असं करत करत नशिबाने पुन्हा याच बेटावर आणून सोडलं. बाबांचा इथला मुक्काम तेव्हा संपत आला होता. आम्ही आईबद्दल बोलायचो ते तिच्या हातच्या सांभारवडीबद्दल आणि तिच्या हट्टाबद्दल. तिच्या आजारपणावरून आम्ही दोघंही अलगद वळसा घालून जायचो.

टेलरकडून झगा घेऊन घरी आले तर मैत्री दारातच. "फाउंड इट!" माझ्या तुटपुंज्या माहितीवर तिने तो एपिसोड इंटरनेटवर शोधून काढला होता. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलेला, मुंग्या आलेला. शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने तो हॉलमधल्या टीव्हीवर लावला. पडदे उघडे, बाहेर पांढरं ऊन. बाबा शेंगा सोलत बसले होते. चुकूनही आठवलं नसेल त्यांना, की हे आपण कधीतरी बंद केलं होतं.

किती लहान होतं सगळं! धुकं म्हणजे नुसता धूर होता. पोरं थंडीने कुडकुडल्याचा अभिनय करत होती. माझ्या आठवणीतल्या बाईच्या अंगात आईच्या गाऊनसारखं काहीतरी होतं, इथे ती राखाडी घोंगडी पांघरून होती. मैत्री म्हणाली, "धिस इज नॉट इव्हन स्केरी," आणि भोपळ्याच्या बिया टोकरत बसली. म्हाताऱ्याने तोंड उघडलं, "पण जर तू..." आणि या खेपेला मध्ये अजान आली नाही.

पण जर तू, म्हातारा म्हणाला, तिच्या आणि पाण्याच्या मध्ये जाऊन उभी राहिलीस आणि तिला विचारलंस, हे कुणाचं आहे, तर तिला सांगावंच लागतं. आणि सांगितलं की धुणं थांबवावं लागतं.

ती मुलगी जाते. गुडघाभर पाण्यात उतरते, दात वाजत असतात, आणि विचारते. बाई मान वर करते. मी सोफ्याच्या कडेला सरकले होते. पण तिच्या चेहऱ्यात काहीही नव्हतं. एक दमलेली बाई होती. कुणीतरी विचारलं म्हणून तिला जरा बरं वाटलं होतं, इतकंच. ती सदरा खाली ठेवते. सकाळ होते. गावात कुणी मरत नाही.

"दॅट्स इट?" मैत्री म्हणाली. तिची निराशा झाली होती. ती झगा घालून, तोंडाला पांढरा रंग फासून आली, आम्हा दोघांना भिववून झालं, आजोबांनी घाबरल्याचं नाटक केलं, "अरे बापा, माही माय कुठं गेली?" आणि ती हसत खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे पळाली.

घर शांत झालं. टरफलांचा कागद बाबांच्या मांडीवर होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचंय. आईबद्दल."

त्यांनी हातातली शेंग फोडली नाही.

मी सांगितलं. ओळीने, काही न गाळता. अजान, मोरीचं दार, टप, लाल पाणी, तुमची निळी बाही. बसची वाट मी का बघायची ते. पलंगाखालचा कव्हरऑल. तेलाची वाटी. "मला वाटलं तुम्ही मरणार. आणि ती... ती माझी आई होती बाबा, आणि मी तिला हडळ समजले. पाच महिने तिला हात लावू दिला नाही. मी ऑक्टोबरमध्येच बघितलं होतं. कुणाला सांगितलं असतं, तिलाच नुसतं विचारलं असतं, तर सहा महिने होते. सगळे म्हणत होते ना, सहा महिने आधी." एक्केचाळीस वर्षांची बाई, मी नाक ओढत रडत होते.

खालून पोरींच्या किंचाळण्याचा आवाज आला आणि थांबला.

"तो टप," ते म्हणाले. "मी बी पाह्यला होता."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"दिवाळीच्या आधी एकदा. मंग डिसेंबरमदी. सकाळी शिफ्टले निंगालो होतो, हात धुवाले मोरीत गेलो. तिनं घाईनं पाणी ओतून देल्लं. मले वाटलं, बायकायचं काही असंन. विचाराची लाज वाटली." त्यांनी टरफलांचा कागद नीट चौकोनी घडी करून बाजूला ठेवला. घडी जमायला वेळ लागला. "खाली बस उभी होती. मी गेलो."

एवढी वर्षं मी जे एकटीचं समजून उचलत आले, त्याचं दुसरं टोक या माणसाच्या खांद्यावर होतं, आणि त्यानेही हूं की चूं केलं नव्हतं.

"तू किती वर्साची होती तवा?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, खिडकीतल्या उन्हाकडे बघत म्हणाले,

"मी एक्केचाळीस."